लोहगड न लढता का पडला?

मळवली स्टेशनात उतरून भाजे गावातून चढायला लागलं, की आपण गायमुख खिंडीत पोचतो. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. एकदा या खिंडीत चहा पिताना कॉलेजातल्या एका मुलानं मला विचारलं, “एवढा बेलाग किल्ला इंग्रजांना न लढता कसा मिळाला? गडावरचे लोक भ्यायले का?” त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

किल्ला म्हणजे नुसती तटबंदी नव्हे. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असा तिघांचा कारभार असे. एकाच्या मनात फितुरी आली, तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. धान्य आणि दारूगोळा कारखानिसाकडे. गडाच्या घेऱ्यात मेटांवर पहारे. लोहगडावर नारायण दरवाजाजवळच्या कोठारांत भात आणि नाचणी साठवून ठेवत. ही सगळी सिद्धता कशासाठी? शत्रूला थोपवून धरण्यासाठी. त्याला हुसकावून लावायला मात्र बाहेर फौज लागते.

१७७९च्या जानेवारीत ती होती. मुंबईहून बोरघाट चढून आलेले इंग्रज कार्ल्यावरून तळेगावपर्यंत पोचले. मराठी फौजांनी त्यांची रसद तोडली, परतताना त्यांना वडगावला कोंडलं आणि तह करायला लावला.

१८१८ साली चित्र उलटं होतं. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण आधीच लागलं होतं. फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. दुसरे बाजीराव पळतीवर होते. अशा वेळी कर्नल प्रॉथर तोफा घेऊन मावळात आला. ४ मार्चला त्यानं विसापूर घेतला. विसापूर लोहगडाहून उंच, शिवाय अगदी शेजारी. तिथं तोफा चढल्या, की लोहगड त्यांच्या माऱ्याखाली. दुसऱ्याच दिवशी शिबंदीनं गड सोडला.

असाच प्रसंग अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली घडला होता. टायकॉन्डेरोगा किल्ल्याशेजारच्या उंच टेकडीवर इंग्रजांनी तोफा चढवल्या. अमेरिकन सैनिक रातोरात किल्ला सोडून गेले. तेव्हा त्यांनाही दूषणं मिळाली. पण त्यांना जाऊन मिळायला मागे फौज होती. तीन महिन्यांत साराटोगा इथं त्याच इंग्रज सेनापतीला, बर्गॉइनला, शरण यावं लागलं. लोहगडच्या शिबंदीनं गड सोडला, तेव्हा मागे जाऊन मिळावं असं काय उरलं होतं?

आणि मावळातले लोक लढलेच नाहीत, असंही नाही. लोणावळ्याच्या दक्षिणेचा कोराईगड काही दिवस झुंजला. १४ मार्चला तोफेचा गोळा दारूकोठारात फुटला, तेव्हाच तो पडला.

त्या मुलाला मी आज सांगेन : बाबा रे, गड भिंतींवर उभा असतो, भिंती माणसांवर आणि ती माणसं मागच्या राज्यावर. राज्य खचलं, की दोष शेवटच्या पहारेकऱ्याच्या माथी मारणं सोपं असतं. २०२५ साली लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. त्याचे दरवाजे आपण कौतुकानं पाहतो. तिथं पहाऱ्याला उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. निदान त्याला भित्रा तरी म्हणू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)