सूचिपर्णी वृक्षांची तहान मोजण्याची रीत

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं आणेवारीचे पुष्कळ कागद लिहिले. उभें पीक नजरेस कितीही भरदार दिसो, कापणी करून दाणे तोलल्यावांचून खरा उतारा कळत नाहीं. झाडांच्या तहानेसही हाच न्याय लागू आहे. चीड, देवदार यांसारखे सूचिपर्णी वृक्ष आंतून सुकूं लागले तरी त्यांचीं पानें कित्येक दिवस हिरवींच राहतात. रंग पालटलेला दिसतो तेव्हां वेळ निघून गेलेली असते.

पानांतून वाफ उडते व तिच्या ओढीनें खोडांतील सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढतें. जमीन कोरडी पडली कीं ही ओढ वाढते, आणि ती अति झाली म्हणजे नळींत हवा शिरून पाण्याची धार तुटते. पाट फुटल्यावर पुढील वाफा कोरडा राहावा, तशी मग शेंड्याची गत होते.

ही ओढ मोजण्याचें दाबपात्र शोलँडर व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. कापलेली डहाळी, टोक बाहेर ठेवून, पात्रांत बंद करावयाची व आंत वायूचा दाब हळूहळू वाढवावयाचा. टोकाशीं रस दिसूं लागेल तो दाब म्हणजेच झाडांतील ओढ. सूर्योदयापूर्वीं घेतलेल्या मापावरून मुळांजवळील ओल कळते. दुपारच्या मापावरून दिवसाचा ताण कळतो. शिवाय किती ओढीस खोडाची निम्मी वाहकता नष्ट होते, तें प्रत्येक जातीचें प्रयोगशाळेंत ठरवितात. या दोहोंतील अंतर ही त्या वृक्षाची शिल्लक. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील कॅलिट्रिस ट्युबरक्युलाटा या वृक्षाची मर्यादा सुमारें १८.८ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या १८५ पट, भरली आहे.

तथापि एका आंकड्यावर विसंबूं नये. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत २००२-०३ च्या अवर्षणांत लॉस अलामॉसजवळील एका अभ्यासक्षेत्रांतील ९० टक्क्यांहून अधिक पिन्यन चीड मेले; शेजारचे जुनिपर बहुतांशीं तगले. जुनिपरच्या नळ्या अधिक ओढ सोसतात हें खरें. परंतु पिन्यन पानांचीं छिद्रें लवकर मिटून घेतो, त्यामुळें त्याचें अन्न बनणें थांबतें, व अशक्त झाडावर सालींतील भुंगे तुटून पडतात.

हेंच दाबपात्र द्राक्षबागांतही वापरतात. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी सर्व बागेस पुरेना झालें म्हणजे कोणत्या तुकड्यास तें आधीं द्यावें, हें आपण पानें पाहून ठरवितों. हिरव्या पानाची साक्ष पुरी मानूं नये, इतकीच वाचकांस आमची विनंति.