या हाताचं त्या हाताला

हिंगणघाट, देवळी, समुद्रपूरच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू झाली की वेचणाऱ्या बायकांचे हात एकदा जवळून पाहावेत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बोंडातला कापूस ओढून घेतात, आणि आधी वेचलेला कापूस त्याच हाताच्या अनामिकेने आणि करंगळीने तळव्याशी दाबून धरलेला असतो. मूठ भरली की तो ओटीत जातो. उजवा हात एका बोंडावर, डावा दुसऱ्यावर. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने नुसतं सोबतीला राहायचं, अशी चैन तिथे परवडत नाही.

हातचलाखीचा पहिला धडा नेमका हाच आहे. पुढची बोटं मोकळी, काहीतरी करताना दिसत आहेत आणि मागच्या बोटांच्या आड काहीतरी धरून ठेवलं आहे. नाण्यांच्या जादूचा बराचसा डोलारा या पकडीवर उभा असतो. मराठी माणसाला जादू म्हटलं की जादूगार रघुवीर आठवतात, मोठा रंगमंच आणि झगमगाट आठवतो. नाण्याची जादू त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. हातभर अंतरावरचा प्रेक्षक, दोन हात आणि खिशातली चिल्लर, एवढ्यावर तिचं भागतं. साधनं कमी म्हणून ती सोपी, असं मात्र समजू नये. पेटीच नाही, तर चूक लपवायची कुठे?

आधी नाण्याचं बोलू. या विषयावरची इंग्रजी पुस्तकं, त्यातही जे. बी. बोबो यांचं 1952 सालचं आजही प्रमाण मानलं जाणारं पुस्तक, अमेरिकी अर्धा डॉलर हाती धरून लिहिलेली आहेत. त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर, आजचं वजन 11.34 ग्रॅम. आपल्याकडे त्याचा जुळा भाऊ शोभावा असं नाणं म्हणजे राणीछाप चांदीचा रुपया: वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि व्यास तिसाच्या जरा वर. पण लक्ष्मीपूजनाचा बंदा रुपया सरावासाठी कोण देणार! मग उरतं दहा रुपयांचं दुरंगी नाणं: 27 मिलिमीटर, 7.71 ग्रॅम. हाताला भरीव लागतं आणि कडही बोटात रुतते. काही दुकानदार ते घ्यायला कां-कूं करतात. ते पूर्णपणे चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी सांगितलं आहे, तरीही. शाळकरी मुलाच्या हाताला दोन रुपयांचं 25 मिलिमीटरचं नाणं पुरे.

आता चलाखी. नाणं उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर दाखवायचं. डावा तळहात समोर धरायचा. उजव्या हाताने नाणं त्यावर ठेवल्यासारखं करायचं आणि त्याच क्षणी ते मधल्या दोन बोटांच्या मुळाशी सरकू द्यायचं. डावी मूठ मिटते आणि बाजूला जाते, नजर तिच्यामागे जाते, उजवा हात सैल होऊन खाली येतो. मूठ उघडली की नाणं नाही. वाचायला चार ओळी लागतात, पण निर्दोष व्हायला महिने जातात.

नवशिक्याला वाटतं, सगळी करामत उजव्या हाताची आहे, कारण लपवतो तो. मला याच्या उलट वाटतं. लपवणं काही दिवसांत जमतं. अवघड काम रिकाम्या हाताचं आहे. त्याला नाणं न घेता घेतल्याचं दाखवायचं आहे. खरं नाणं तळहातावर आलं की बोटं त्याच्याभोवती मिटतात आणि मुठीत नाण्याएवढी पोकळी राहते. नसलेल्या नाण्यावर मूठ मिटली की ती आवळली जाते, बोटांची पेरं पांढरी पडतात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं. म्हणून चांगले शिक्षक आधी खरं नाणं खरोखर द्यायला लावतात, पुन्हा पुन्हा, आणि आपला हात तेव्हा काय करतो ते पाहायला सांगतात.

दोन्ही हातांनी शिकण्याचं खरं कारण इथे आहे. प्रत्येक चलाखीत एक हात लपवतो आणि दुसरा खोटं बोलतो. उजव्यानेच लपवायची सवय झाली, तर डावा फक्त खोटं बोलायला शिकतो आणि उजव्याला ते कधीच येत नाही. बाजू बदलली की दोघांनाही दोन्ही भूमिका कराव्या लागतात आणि आपल्या जोडीदाराचं काम किती कठीण आहे ते कळतं. व्यवहारातले फायदे वेगळेच. रस्त्यावरच्या मदाऱ्याभोवती रिंगण असतं, त्याला लोक फक्त समोर हवेत असं म्हणता येत नाही. डावीकडे बसलेल्या माणसाला एका हाताचा तळवा दिसतो, उजवीकडच्याला दुसऱ्याचा. ज्याचे दोन्ही हात तयार आहेत, त्याला दर वेळी सोयीचा हात निवडता येतो. शिवाय एकाच हातातून दोनदा नाणं गायब झालं, की तिसऱ्यांदा पोरं त्या हाताकडेच टक लावून बसतात.

टी. नेल्सन डाउन्स हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला रेल्वेचा तारबाबू. फावल्या वेळात नाण्यांशी खेळता खेळता तो ‘नाण्यांचा राजा’ म्हणून गाजला. त्याचा प्रसिद्ध खेळ ‘कंजुषाचं स्वप्न’. उजवा हात हवेतून एकामागून एक नाणी पकडतो आणि डाव्या हातातल्या हॅटमध्ये टाकतो, दर वेळी खणकन आवाज येतो. प्रत्यक्षात उजव्या हातात एकच नाणं असतं. ते टाकल्यासारखं करून तो पुन्हा तळव्यात दडवतो. खरी रास डाव्या हाताच्या बोटांत, हॅटच्या आतल्या बाजूला असते, आणि उजव्याने टाकल्याचा आव आणला की डावा त्यातलं एक नाणं सोडतो. टाळ्या उजव्या हाताला मिळतात. डाव्याने मात्र बोटं न हलवता, न पाहता, ठोक्यावर एकच नाणं सोडायचं असतं. दोन सुटली की संपलं.

आपल्या घरांत डाव्या हाताची फार उपेक्षा होते. प्रसाद घेऊ नये, पैसे देऊ नयेत, लिहू तर नयेच. डावखुऱ्या पोराच्या हातावर चापट मारून पेन्सिल उजव्या हातात देण्याचा प्रकार कुणी पाहिला नाही? म्हणूनच वर्ध्याचा एक जुना दाखला मला मोलाचा वाटतो. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, आणि तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने हस्तव्यवसायावर आधारलेला अभ्यासक्रम आखला. त्यात रोज 3 तास 20 मिनिटं हातकामाला होती, आणि कताईच्या पहिल्या पायऱ्यांमध्येच तकली उजव्या हाताने आणि डाव्या हातानेही फिरवायला शिकवावी, असं स्पष्ट लिहिलं होतं. स्वतः गांधीजींनी 1909 मध्ये बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दुखू लागल्यावर 275 पैकी 40 पानं डाव्या हाताने लिहिली होती. तकली आणि नाण्याचं नातं लांबचं नाही. दोन्ही ठिकाणी अंगठा आणि बोटांच्या पेरांमधला तो बारीकसा दाब शिकायचा असतो.

डावा हात अगदी शून्यापासून सुरुवात करत नाही, हे फार पूर्वी दिसून आलं आहे. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी 1894 मध्ये केलेल्या प्रयोगांत एका हाताला सराव दिला, तरी दुसऱ्या हाताचंही कसब आणि बळ वाढलं. म्हणजे उजव्याची थोडी शिकवणी डाव्याला फुकट मिळते. पुढचं मात्र त्याला कमवावं लागतं, आणि त्या कमाईत एक गंमत आहे. उजव्या हाताला चलाखी येते, पण आपण नेमकं काय करतो ते सांगता येत नाही. डाव्याला शिकवताना ते सांगावंच लागतं: मनगट कधी वळतं, अंगठा कधी सुटतो, नाणं कोणत्या पेरावर टेकतं. बऱ्याचदा उजव्याची जुनी चूक तेव्हाच सापडते.

फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ मूळचा घड्याळजी. आपण एका हाताने सूप पिताना दुसऱ्या हाताने पत्त्यांचा सराव करायचो, असं त्याने आठवणींत लिहिलं आहे. याच माणसाला फ्रेंच सरकारने 1856 मध्ये अल्जीरियात पाठवलं, तिथल्या मराबूत फकिरांपेक्षा आपली ‘जादू’ मोठी हे दाखवून लोकांना दबवायला. हाच हुन्नर माणसाला शहाणं करायलाही वापरता येतो आणि गुलाम करायलाही. तो कुठल्या हेतूने वापरायचा, याबद्दल विदर्भाने बऱ्यापैकी स्पष्ट भूमिका घेतली आहे. श्याम मानव यांनी 1982 मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि तेव्हापासून शाळा-महाविद्यालयांत, गावच्या चौकांत कार्यकर्ते बुवांचे चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उलगडून सांगतात.

त्यातली हवेतून विभूती काढण्याची युक्ती नाण्याच्या पकडीचीच बहीण आहे. राख भाताच्या पेजेत कालवून तिच्या गोळ्या वळतात आणि वाळवतात. गोळी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दडवली की तळहात उघडा, बोटं पसरलेली, हात रिकामा दिसतो. हात हवेत फिरवताना गोळी बोटांच्या टोकांवर आणून चुरडली की भुरभुर राख पडते. ज्या मुलाने स्वतः त्या बेचक्यात दोन रुपयांचं नाणं धरून पाहिलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बुवाचा अंगठा इतका ताठ का, हे तो आपणच विचारतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा गुन्हा ठरवला. पण पोलीस पोचायच्या आधी गर्दीत एकाने तरी त्या अंगठ्याकडे बघायला हवं. म्हणून मला वाटतं, वर्धा जिल्ह्यातल्या शाळांनी विज्ञान मंडळात ही हातचलाखी शिकवावी, आणि तकलीसारखीच दोन्ही हातांनी.

सरावासाठी आरशावर फार विसंबू नये. नेमक्या चलाखीच्या क्षणी आपण पापणी मिटतो, म्हणजे स्वतःलाच फसवतो, हे या कलेतलं जुनं दुखणं आहे. मोबाइल बरा. तो कमरेच्या उंचीवर टेकवून ठेवावा आणि मागच्या कॅमेऱ्याने चित्रण करावं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. दहा वेळा नाणं खरं द्यावं, दहा वेळा खोटं, सरमिसळ करून. बाजू बदलून पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणाला तरी दाखवून खोटं कोणतं ते ओळखायला सांगावं. ओळखलं गेलं तर दोष बहुधा लपवणाऱ्या हाताचा नसतो, रिकाम्या मुठीचा असतो. त्या हाताला पुन्हा खरं नाणं द्यावं आणि तो ते कसं धरतो ते बघावं.