पुस्तकांच्या दुकानातला हिवाळा

बालमित्रांनो, थंडी पडली की आपल्या दापोलीत काय काय होतं, सांगा बरं! आंब्याला मोहोर येऊ लागतो, सकाळी शाळेत येताना तोंडातून वाफा निघतात आणि सुट्टीच्या दिवशी बाजारपेठेत पाहुण्यांच्या गाड्यांची गर्दी होते. याच दिवसांत पुस्तकांच्या दुकानातही खूप घडामोडी चालू असतात. तिकडे कधी लक्ष गेलंय का तुमचं?

गेल्या वर्षी डिसेंबरात मी चौथीच्या मुलांना घेऊन एका छोट्या दुकानात गेले होते. पाहतो तो काय, दुकानाच्या पडवीत वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यांवर पुस्तकं उघडून उभी करून ठेवलेली!

"काका, भिजली का हो पुस्तकं?" एकानं विचारलं.

"भिजली नाहीत रे, पण पावसाळ्यात दमली आहेत. त्यांना वारा देतोय," दुकानदारकाका हसून म्हणाले.

पुस्तकं दमतात म्हणजे काय?

कागद झाडांच्या तंतूंपासून बनतो. हे तंतू हवेतला ओलावा शोषून घेतात. आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा कशी असते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. कपाटातली चप्पलसुद्धा पांढरी होते! मग कागदावर बुरशी धरते, पानं एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते. हिवाळ्यातली कोरडी हवा हा त्यावरचा फुकटातला उपाय. मात्र पुस्तकं कडक उन्हात ठेवायची नाहीत हं! उन्हानं कागद पिवळा पडतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ती उभी ठेवायची. नंतर फळी पुसून कोरडी करायची आणि पुन्हा लावताना पुस्तकं दाटीवाटीनं कोंबायची नाहीत.

काकांचं गणित

मुलं पुस्तकं चाळण्यात गुंगली होती. तेवढ्यात काका मला हळूच म्हणाले, "बाई, पुढच्या जूनपासून गोष्टींच्या पुस्तकांची ही फळी काढणार. तिथं वह्या ठेवीन म्हणतो. परवडत नाही हो."

का बरं परवडत नाही? चला, एक सोपं गणित करू या. समजा, पुस्तकाची किंमत १०० रुपये आहे आणि दुकानदाराला ते ७० रुपयांना मिळालं. उरले ३० रुपये. त्यातूनच दुकानाचं भाडं, विजेचं बिल, मुंबई-पुण्याहून पुस्तकं आणण्याचा खर्च आणि मदतनिसाचा पगार भागवायचा. मोबाइलवरून तेच पुस्तक मागवलं आणि तिथं २० रुपये सूट मिळाली, तर गिऱ्हाईक काकांकडेही तेवढीच सूट मागणार. ती दिली, तर काकांच्या हाती उरले फक्त १० रुपये! वही दर महिन्याला संपते आणि लागते. गोष्टीचं पुस्तक मात्र वर्षभर फळीवर बसून राहतं आणि पावसाळ्यात दमतं.

"हात लावू नकोस!"

मुलांनो, काकांचं बोलणं ऐकून मला माझं लहानपण आठवलं. तेव्हा मी तिसरीत होते. एका दुकानात बाबा वह्या घेत होते आणि मी एक चित्रांचं पुस्तक उघडलं. "घ्यायचं नसेल तर हात लावू नकोस," दुकानदार ओरडले. मी पुस्तक ठेवून दिलं. त्या गोष्टीत पुढं काय झालं, ते मला अजूनही माहीत नाही!

मोठेपणी कळलं, की असा अनुभव टी. एन. शानभाग यांनाही आला होता. पुस्तकं चाळताना एका दुकानात त्यांचा अपमान झाला. ते चिडून घरी बसले नाहीत. कुणीही यावं आणि मनसोक्त पुस्तकं चाळावीत, असं दुकान काढायचं त्यांनी ठरवलं. १९४८ साली मुंबईत कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका छोट्याशा जागेत त्यांनी 'स्ट्रँड बुक स्टॉल' सुरू केला. पुढं ते दुकान फोर्ट भागात गेलं. तिथं गिऱ्हाइकाला सूट मिळायची. हिवाळ्यात चर्चगेटजवळच्या सुंदराबाई हॉलमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं आणि लोक पिशव्या भरभरून पुस्तकं न्यायचे. नफा थोडा घ्यायचा, पण पुस्तकं खूप विकायची, हे त्यांचं गणित! २००३ साली शानभागांना 'पद्मश्री' मिळाली.

गिरगावातल्या केशवराव कोठावळ्यांनीही अशीच लहानशी सुरुवात करून 'मॅजेस्टिक' उभं केलं. जानेवारी १९६४ मध्ये, म्हणजे हिवाळ्यातच बरं का, त्यांनी पुस्तकांविषयीचं 'ललित' मासिक सुरू केलं.

पण एक वाईट बातमीही सांगायला हवी. फेब्रुवारी २०१८ मध्ये, ७० वर्षांनी, स्ट्रँड बंद झालं. शेवटच्या दिवसांत जुने वाचक तिथं गर्दी करून गेले. मला वाटतं, ती गर्दी दरवर्षी थोडी थोडी झाली असती तर?

२४ डिसेंबर

२४ डिसेंबरला कुणाचा वाढदिवस असतो? बरोबर, साने गुरुजींचा! ते १८९९ साली आपल्याच तालुक्यातल्या पालगडला जन्मले आणि दापोलीच्या शाळेत शिकले. त्यांच्या 'श्यामची आई' या पुस्तकात 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाचं प्रकरण आहे. पुस्तकं वाचून मोठं व्हावं, या ओढीनं श्याम पैसे चोरतो. चोरी वाईटच आणि आई त्याला ते समजावून सांगते. पण मला नेहमी वाटतं, की त्याच्या हाताशी पुस्तकं असती, तर त्या पोराला चोरी करावी लागली असती का?

आता गंमत ऐका. दूर उत्तरेला आइसलँड नावाचा बर्फाळ देश आहे. तिथं याच दिवशी, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, घरोघरी लोक एकमेकांना पुस्तकं भेट देतात आणि रात्री वाचत बसतात. या प्रथेला म्हणतात 'योलाबोकाफ्लोद', म्हणजे नाताळातला पुस्तकांचा पूर! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं परदेशी वस्तू मिळेनाशा झाल्या, पण कागद मिळत होता. मग लोक भेट म्हणून पुस्तकंच देऊ लागले. १९४४ सालापासून नव्या पुस्तकांची यादी तिथं घरोघरी पोचू लागली. पूर म्हटला की आपल्या पोटात गोळा येतो, पण असा पूर यायला काय हरकत आहे?

आमची पुस्तकभिशी

दुकानातून परतल्यावर मी मुलांना काकांचं गणित फळ्यावर करून दाखवलं. सगळी गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण भिशी लावू या का? माझी आई लावते."

ठरलं! ३० मुलं, प्रत्येकी आठवड्याला २ रुपये, म्हणजे ६० रुपये. महिन्याचे झाले २४०. ज्यांना पैसे जमत नव्हते, त्यांनी पुस्तकांना कव्हरं घालायची. तोही भिशीचा हप्ताच! जानेवारी ते मार्च या काळात आम्ही काकांकडून ११ पुस्तकं घेतली. कुठलं घ्यायचं ते मुलांनीच चाळून ठरवलं. काका एकदाही म्हणाले नाहीत, की हात लावू नका.

जून आला. दुकानात जाताना माझ्या छातीत धडधडत होतं. फळी होती. अर्धीवर वह्या आणि अर्धीवर गोष्टी.

"अर्धी राखलीय, बाई," काका म्हणाले. "पुढचं पोरांच्या हाती."

म्हणून आईबाबांनाही एक सांगणं आहे. वाढदिवसाला एखादं पुस्तक आपल्या गावच्या दुकानातून घ्या आणि ते निवडताना मुलांना बरोबर न्या. आणि मुलांनो, दुकानात जाताना हात स्वच्छ धुऊन जा, पानं हलक्या हातानं उलटा आणि पुस्तक घेतलं नाही, तर ते जागच्या जागी ठेवा.

काय मग, यंदा २४ डिसेंबरला कुठलं पुस्तक घेणार?