कुलूप कोणीं उघडावें?

घराच्या झडतीस आलेल्या अधिकाऱ्याजवळ न्यायाधीशाचें अधिकारपत्र असेल, तर सज्जन गृहस्थ दार अडवून धरीत नाहीं. परंतु जें कुलूप तें घडविणाऱ्या लोहारासही उघडतां येत नाहीं, त्याचें काय करावें? त्यास नवें हत्यार घडविण्याची आज्ञा करतां येईल काय? आणि ती कोणीं करावी, न्यायासनानें कीं विधिमंडळानें?

अमेरिकेंत हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहिला. २ डिसेंबर २०१५ रोजीं कॅलिफोर्निया संस्थानांतील सॅन बर्नार्डिनो येथें झालेल्या हल्ल्यांत १४ माणसें प्राणांस मुकलीं. मृत हल्लेखोराजवळचा आयफोन सरकारच्या हातीं आला; परंतु त्यांतील मजकूर गुप्तलिपीनें बद्ध होता, आणि १० वेळां चुकीचा संकेतांक दिल्यास तो कायमचा नष्ट होण्याचें भय होतें. १६ फेब्रुवारी २०१६ रोजीं न्यायाधीश शेरी पिम यांनीं, हें बंधन उठविणारी नवी आज्ञावली तयार करून द्यावी, असा ॲपल कंपनीस हुकूम केला. त्यास आधार कशाचा, तर १७८९ सालच्या ‘ऑल रिट्स ॲक्ट’ या कायद्याचा! एका फोनासाठीं घडविलेली किल्ली इतरांसही लागेल, असें म्हणून कंपनीनें नकार दिला. अवघ्या १३ दिवसांनीं न्यूयॉर्क येथील न्यायाधीश जेम्स ओरेन्स्टीन यांनीं दुसऱ्या एका प्रकरणांत त्याच कायद्याचा उलट अर्थ लावला. पुढें २८ मार्च रोजीं, त्रयस्थाच्या साहाय्यानें फोन उघडला, असें सांगून सरकारनें आपला अर्ज मागें घेतला. मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला.

न्यायाधीश समोरची वस्तुस्थिति पाहतो, हें खरें. परंतु त्याच्यापुढें दोनच पक्ष उभे असतात. तेंच कुलूप बाळगणारे कोट्यवधि लोक तेथें नसतात. त्यांचें हिताहित तोलणें हें विधिमंडळाचें काम आहे. सूत्रकारानें सूत्र रचावें, भाष्यकारानें त्याचा अर्थ लावावा. सूत्रच नाहीं तेथें भाष्य कशाचें?

परंतु केवळ सूत्रानेंही भागत नाहीं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमान्वयें अशा कामीं साहाय्य नाकारणारास ७ वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. मात्र २००९ च्या नियमांप्रमाणें हा हुकूम सामान्यतः गृहसचिव देतात, आणि त्याची फेरतपासणीही सचिवांचीच समिति करते. न्यायाधीशाची पूर्वसंमति लागत नाहीं. वस्तुतः २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. तिकडे कायदा मुका, तर इकडे न्यायाधीश अनुपस्थित!

म्हणून कोणत्या अपराधांत व कितपत शिरकाव करावा, ही मर्यादा विधिमंडळानें उघड चर्चा करून आंखावी. आणि प्रत्येक वेळीं ती पाळली जाते कीं नाहीं, हें न्यायाधीशानें आधीं पाहावें. आज घरोघरचीं पत्रें, औषधोपचाराचे कागद आणि ठेवींचे हिशेब त्या एवढ्याशा पेटींत असतात. तिचें कुलूप कोणा एकाच्याच हुकुमानें उघडूं नये.