दप्तर आपले, वाचणार कोण?

विद्यापीठांची थोरवी मोजण्याच्या पट्ट्या अलीकडे पुष्कळ निघाल्या आहेत. क्रमवारी, मूल्यांकनाची श्रेणी, विद्यार्थ्यांना लाभणारे पगार या गोष्टी उपेक्षणीय आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जनतेच्या पैशावर चालणाऱ्या राज्य विद्यापीठाला पहिला प्रश्न वेगळाच विचारावा लागतो. या भूमीचे जे काम बाहेरचे कोणी करणार नाही, ते हे विद्यापीठ करते काय?

१९६१ पूर्वी गोव्यात १८४२ सालची वैद्यकीय शाळा होती, विद्यापीठ मात्र नव्हते. पदवीसाठी आमच्या मुलांनी बेळगाव, धारवाड, पुणे वा मुंबई गाठावी अशी रीत होती. १९६२ साली येथे महाविद्यालये निघाली तीही मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. पुढे १९८४ चा कायदा झाला, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि ताळगावच्या पठारावर जुवारीच्या मुखाकडे पाहत त्याचा विस्तार उभा राहिला. समोरच्या सागराची हाक या विद्यापीठाने ओळखली. सागरविज्ञानाला तेथे मानाचे स्थान मिळाले, हे उचितच झाले.

पण गोव्याजवळ आणखी एक सागर आहे, तो कागदांचा. १५९५ साली स्थापन झालेले पणजीचे पुराभिलेखागार म्हणजे चार शतकांचे दप्तर. त्यात पोर्तुगीज कागद आहेत, तसेच मोडीतील मराठी पत्रे आणि गोंयकानडी लिपीतील गावकरीच्या नोंदीही आहेत. या दप्तरातून डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी मराठ्यांच्या इतिहासाचे एक अज्ञात दालन उघडले. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. १९६९ साली पिसुर्लेकर गेले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पण तो संग्रह ज्या विद्येने जमला, त्या विद्येचे वारसदार किती?

हा प्रश्न केवळ इतिहासप्रेमींचा नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. वारसाहक्काचा नवा कायदा २०१६ साली अंमलात आला, तरी जुनी वाटणीपत्रे आणि खरेदीखते पोर्तुगीजमध्येच आहेत. आमच्या देवस्थानांच्या महाजनीचा कायदाही १९३३ चा, त्याच राजवटीतला. घरजमिनीचा वा देवळाच्या मानाचा तंटा उभा राहिला की आजोबांचा कागद हाती घेऊन नातू दुभाष्याच्या दारी जातो. स्वतःच्या हक्काचा कागद ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या सचोटीवर जगतो.

पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा होती, तिचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सत्तेवरचा राग भाषेवर काढण्यात शहाणपण नाही. ज्या भाषेत आमच्यावर हुकूम सुटले, ती येत असेल तरच त्या हुकुमांचा जाब इतिहासाला विचारता येतो. पिसुर्लेकरांनी तेच केले.

उपाय हाताशी आहे. पोर्तुगीज, मराठी, कोकणी, इतिहास आणि कायदा हे सर्व विषय एकाच पठारावर शिकवले जातात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड देण्याची मुभाही दिली आहे. मग इतिहासाच्या वा कायद्याच्या विद्यार्थ्याला पोर्तुगीज, मोडी आणि गोंयकानडी वाचनाचा सलग अभ्यासक्रम का असू नये? त्याने वर्गाइतकाच वेळ पुराभिलेखागारात घालवावा, सरकारने त्याला विद्यावेतन द्यावे आणि नोंदणी कचेऱ्यांनी व देवस्थान समित्यांनी अशा पदवीधरांना काम द्यावे. विद्यार्थी थोडे येतील, हे आम्ही जाणतो. पण वर्गातील डोकी मोजून अशा विद्येची किंमत करणे म्हणजे नारळ मोजून माडाचे मूळ जोखण्यासारखे आहे.

आमच्या दमट हवेत कागदाचे आयुष्य बेताचेच असते. वाळवी कोणाच्या अर्थसंकल्पाची वाट पाहत नाही. कागदाची छायाचित्रे काढून तो टिकवता येईल, पण वाचणारा माणूस घडवावाच लागतो. ते काम पठारावरच्या विद्यापीठाचे आहे. त्याने ते हाती घेतले नाही, तर दुसरे कोणी घेणार नाही.