ऑटिझम असलेल्या मुलाशी खेळायचं कसं?

मूल गाडी चालवत नाही, उलटी धरून चाकच फिरवत बसतं. आई गाडी सरळ करून ‘अशी चालव’ म्हणते आणि मूल पाठ फिरवतं. तिनंही शेजारी बसून तेच चाक फिरवलं तर? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ स्टॅनली ग्रीनस्पॅन यांच्या ‘फ्लोअरटाइम’चा गाभा हाच: जमिनीवर बसा, खेळ मुलाला ठरवू द्या.

पण गडचिरोलीहून थेरपीसाठी दर आठवड्याला नागपूर गाठणं किती घरांना जमेल? म्हणूनच गोवा आणि रावळपिंडीतली ‘पास’ चाचणी महत्त्वाची. २०१५मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढत आणि तो पालकांसोबतच बघत. मुलानं कधी मान वर केली, आपण कुठे घाई केली, हे पालकांना स्वतःलाच दिसे.

या मदतीनंतर पालक मुलाच्या कलानं घेऊ लागले, मुलंही स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ घटला. ही जादू नाहीच, आणि ‘ऑटिझम बरा करू’ म्हणणाऱ्या जाहिरातींपासून लांबच राहावं. तपासणी, स्पीच थेरपी, शाळा हे सगळं लागतंच. खेळ त्याच्या जोडीला, रोज, घरातल्या चटईवर.