दोन मिनिटांचा विमानप्रवास

विमानप्रवास म्हटला की दूरचे देश आणि तासांची गणती आपल्या मनात येते. पण, वाचकहो, आसनावर नीट टेकून बसावे तोच मुक्काम यावा, असाही एक विमानमार्ग जगात आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांच्या विमानतळांमधील अंतर अवघे १.७ मैल, म्हणजे सुमारे २.७ किलोमीटर आहे. दिल्ली व मुंबई येथील मुख्य धावपट्ट्या याहून लांब आहेत!

लोगनएअर या स्कॉटिश कंपनीने १९६७ साली ही सेवा सुरू केली. नियमित विमानसेवांमध्ये जगातील सर्वांत छोटे उड्डाण म्हणून ती प्रसिद्ध आहे. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असल्यास एक मिनिटही पुरते. ५३ सेकंदांत पार पडलेल्या उड्डाणाची नोंद आहे.

आता थोडा हिशेब करून पाहा. दोन मिनिटांत २.७ किलोमीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. हा वेग तर आगगाडीचा झाला! कारण उघड आहे. विमानाला धावपट्टीवर वेग घ्यावा लागतो, वर चढावे लागते आणि लगेच उतरणीला लागावे लागते. लांबच्या प्रवासात हा वेळ जाणवत नाही. जवळच्या प्रवासात तोच सारा वेळ व्यापतो. म्हणून अंतराला विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा वेळ निघतो, असे समजू नये.

या मार्गावर आयलंडर जातीचे विमान वापरले जाते. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर तयार झालेले हे विमान १९६५ साली प्रथम उडाले. पंख्याची दोन इंजिने असलेल्या या विमानाला आखूड धावपट्टी पुरते. त्यातून आठ उतारू नेतात.

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला, असे आपण विचाराल. नावेने ही खाडी सुमारे पंचवीस मिनिटांत ओलांडता येते. परंतु हिवाळ्यात उत्तरेकडील समुद्र खवळला की नावेचा भरवसा धरता येत नाही. शिवाय हे उड्डाण म्हणजे एका मोठ्या प्रवासाचा केवळ एक टप्पा आहे. द्वीपसमूहाचे मुख्य गाव कर्कवॉल. मोठे रुग्णालय, बाजारपेठ आणि कचेऱ्या तेथेच आहेत. शंभराहूनही कमी वस्तीच्या पापा वेस्ट्रेवरील रुग्णाला तेथे पोचायचे असते. शिक्षकाला, वैद्याला बेटावर यायचे असते. आठ आसनांच्या भाड्यातून असा खर्च निघणे कठीण. म्हणून सेवेला सार्वजनिक निधीचा आधार दिला जातो.

आपल्याकडे लक्षद्वीपच्या रहिवाशांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. अगत्ती बेटावर १९८८ साली विमानतळ सुरू झाला. तेथून कोचीचे अंतर सुमारे ४६० किलोमीटर. जहाजाने कोचीहून या द्वीपसमूहास जाण्यास बेटाप्रमाणे चौदा ते अठरा तास लागतात. विमान सुमारे दीड तासात पोचते. मात्र इतर बेटांवरील माणसाला आधी समुद्र ओलांडून अगत्ती गाठावे लागते, आणि तो वेळ विमानाच्या वेळापत्रकात कोठेही लिहिलेला नसतो.

तेव्हा नकाशावर दोन बेटे पाहाल, तेव्हा त्यांच्यामधील मैल मोजून थांबू नका. वादळाच्या दिवशी एका बेटावरील आजारी माणूस दुसऱ्या बेटावरील डॉक्टरापर्यंत किती वेळात पोचेल, हेही विचारा. बेटकऱ्यांच्या लेखी खरे अंतर तेच होय.